शेवटच्या मुलाचा जिम्मा

सुरत शहराच्या पूर्व अंगास, कडोदऱ्याच्या वाटेवर पर्वत पाटिया नावाचा जो गजबजलेला भाग आहे, त्याच्या आसपास लिंबायत, गोडादरा, डिंडोली या वस्त्यांतून जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली सहस्रावधी कुटुंबे पोटापाण्यासाठी स्थिरावली आहेत. पुरुष यंत्रमागांच्या खात्यांत बारा-बारा तास उभे असतात, बाया घरी साड्यांवर खडे-टिकल्या चिकटवतात, आणि मुले घरात अहिराणी, गल्लीत हिंदी व दुकानांच्या पाट्यांवर गुजराती अशा तीन भाषांच्या मुलखांतून रोज ये-जा करतात. शिक्षण बाजाराने पुरवावे की सरकारने, हा वाद या वस्तीच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे असे मला वाटते.

बाजाराचा पक्ष हलका नाही. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली मांडले की सरकारने खर्च सोसावा, परंतु शाळा चालवू नयेत. पालकाच्या हाती हुंडीवजा कागद द्यावा आणि त्याने मनास येईल ती शाळा निवडावी. सरकारी मास्तर पालकाला जुमानत नाही, ही तक्रार खोटी नव्हे. पोटाला चिमटा घेऊन खाजगी शाळेची फी भरणारा कारागीर मूर्खही नव्हे. परंतु गुजरात सरकारने २०१७ च्या कायद्याने प्राथमिक वर्गांच्या फीची जी १५,००० रुपयांची वार्षिक मर्यादा घातली, तिच्या आत राहूनही दोन लेकरांचे ३०,००० होतात, आणि मागावरच्या माणसाला ती रक्कम कोठून आणावी हा प्रश्न पडतो. शिवाय येथे माल पारखणारा बाप बहुधा स्वतः फारसे शिकलेला नसतो, माल घेणारे मूल सहा वर्षांचे असते, आणि माल वाईट निघाल्यास गेलेले वर्ष परत मिळत नाही.

आणि ऐन सत्राच्या मध्यात गावाकडून आलेले, जवळ शाळा सोडल्याचा दाखला नसलेले मूल? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सांगितले की दाखल्याअभावी त्याला परत पाठवता येणार नाही, वयानुरूप वर्गात बसवावेच लागेल. असले कलम कोणताही व्यापारी आपण होऊन स्वतःवर लादून घेणार नाही. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालवते. बाजाराने ओडिया विणकराच्या मुलांसाठी वर्ग उघडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

२४ मे २०१९ रोजी याच शहरात सरथाण्याच्या तक्षशिला संकुलात, वरच्या मजल्यावरील शिकवणीवर्गाला आग लागून २२ विद्यार्थी दगावले. शिकवणी बाजाराची होती, पण इमारतीवर नजर ठेवणे सरकारचे काम होते, आणि त्या कामात हयगय झाली हे नाकारता येत नाही. सरकारने केवळ देखरेख करावी असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की स्वतः शाळा चालवण्याचे ज्याने सोडले, त्याला दुसऱ्याची शाळा तपासण्याची अक्कलही फार काळ उरत नाही.

खाजगी म्हणजे बाजारीच, असेही नव्हे. सुरतेची सार्वजनिक एज्युकेशन सोसायटी (१९१२) किंवा भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था (१९१९) नफ्यासाठी उभ्या राहिल्या नाहीत, आणि अशा संस्थांना शाळा चालवू देण्यास माझी हरकत नाही. मात्र कोणीच न घेतलेल्या मुलाचा जिम्मा त्यांच्यावर टाकता येत नाही.

तो जिम्मा कोणाचा, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्पष्ट केले होते: खजिना रयतेच्या श्रमावर भरतो, तेव्हा निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. ते अंमलात आणले सयाजीराव गायकवाडांनी. १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये त्यांनी सक्ती साऱ्या बडोदे संस्थानास लागू केली. कामरेज आणि पलसाणा हे सुरतेच्या शेजारचे तालुके गायकवाडी होते. म्हणजे आजच्या पर्वत पाटियापासून काही कोसांवर मूल शाळेत धाडणे कायद्याने बंधनकारक होते, आणि या बाजूला इंग्रजी अंमलातील सुरत जिल्ह्यात नव्हते. बडोद्याचा हाच दाखला देऊन गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे आपले विधेयक मांडले, आणि १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी नामंजूर झाले. त्या वेळीही पैशाची अडचण पुढे करण्यात आली होती. आज लिंबायतच्या गल्लीतून मागणी आहे ती यापेक्षा मोठी नाही: पालिकेची शाळा मुलाला चालत गाठता यावी, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीस मुलांमागे एक शिक्षक खरोखर वर्गात असावा, आणि दिवाळीनंतर आलेल्या पोराचे नाव त्याच दिवशी पटावर चढावे.