पडणाऱ्याला हसताना

कुणी घसरून पडलं, की आपल्याला हसू फुटतं. वाईट वाटतं ते मागाहून. आपल्या शास्त्रात हास्य नऊ नोकषायांत धरलंय, भय-शोकाच्या पंगतीत. लहानपणी मला हे जरा जास्तच कडक वाटायचं. हसण्यात कसलं आलंय कर्मबंधन?

मूकपटांच्या काळात अमेरिकेतही हसण्यावरून वाद झाले. १९१४ साली चार्ली चॅप्लिन पडद्यावर आला. लाथा, धक्के, आपटणं. लोकांनी डोक्यावर घेतलं, पण कितीतरी प्रतिष्ठितांना तो असभ्य वाटे. अशा वेळी, १९१६ मध्ये, मिनी मॅडर्न फिस्क या नाटकांतल्या नामवंत अभिनेत्रीने ‘हार्पर्स वीकली’त लिहिलं, की हा खरा कलावंत आहे. बायकांच्या टोप्यांवरच्या पिसांसाठी बगळे मारू नयेत, म्हणून झटणाऱ्या त्या याच बाई. पाखराचं दुःख जिला कळलं, तिला चॅप्लिनच्या आपटण्यात गैर काही दिसलं नाही.

पुढे बस्टर कीटनचा ‘द जनरल’ आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचा विनोदी चित्रपट. त्यात तलवारीचं पातं मुठीतून निसटतं आणि लपून बसलेला शत्रूचा नेमबाज मरतो. रॉबर्ट शेरवूड या समीक्षकाने १९२७ मध्ये आक्षेप घेतला, की लढाईत माणसं मरताना पाहून हसू येणं कठीण. आज हा चित्रपट श्रेष्ठ मानतात आणि शेरवूड चुकला म्हणतात. मला मात्र त्याचं बोलणं सोडून देववत नाही.

कारण चॅप्लिन, कीटन स्वतः पडतात तेव्हा ते पडणं त्यांनी आपणहून घेतलेलं असतं. ते उठतात, टोपी झटकतात, चालू लागतात. आपण हसतो त्यात त्यांच्या उठण्याचाही आनंद असतो. तो नेमबाज काही उठत नाही.

एका लग्नात आमच्या जाऊबाई लाडवांचं ताट घेऊन घसरल्या. आम्ही सगळ्या खो खो हसलो. त्याही हसल्या. नंतर कोठीत गेले, तर पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना कुणी विचारून पाडलं नव्हतं. पर्युषणानंतर क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, हसलीस त्याचं काही नाही. उठवायला कुणी आलं नाहीत गं.”

नोकषाय म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.