सूत, ओलावा आणि विद्युतप्रभार

सुरतेच्या उधना परिसरातील यंत्रमागांवर, जेथे खानदेशातून आलेले अनेक मराठी कामगार राबतात, कोरड्या हिवाळ्यात पॉलिएस्टरच्या ताण्यातील धागे एकमेकांपासून फाकतात, यंत्राच्या धातूला चिकटतात आणि धूळ ओढून घेतात. याचे कारण स्थितिक विद्युत, म्हणजे घर्षणाने किंवा नुसत्या स्पर्शाने पृष्ठभागावर येऊन तेथेच अडकून पडलेला प्रभार, हे आज शालेय पुस्तकातही सापडते. परंतु या व्याख्येतील ‘अडकून पडलेला’ हा भाग विचारात यायला फार काळ जावा लागला.

प्राचीन ग्रीकांना हे आकर्षण अंबर या अश्मीभूत राळेचा खास गुण वाटे. विल्यम गिल्बर्ट यांनी 1600 साली काच, गंधक आणि अनेक रत्ने हीच करामत करतात असे दाखवले, आणि त्या रत्नांत सुरतेचा दुसरा मोठा धंदा ज्यावर उभा आहे तो हिराही होता. तरीही प्रश्न एवढाच राहिला की हा गुण कोणत्या पदार्थांत आहे व कोणत्यांत नाही. धातू दुसऱ्या यादीत गेले.

या मांडणीला खरा धक्का 1729 मध्ये स्टीफन ग्रे यांच्या प्रयोगांनी दिला, आणि तो दिला सुताने. तागाची लांब दोरी रेशमी धाग्यांनी टांगली असता घासलेल्या काचेच्या नळीचा प्रभाव दोरीच्या दूरच्या टोकापर्यंत पोहोचे. रेशीम तुटल्यावर त्याजागी पितळी तार लावली, तेव्हा तो वाटेतच नाहीसा झाला, कारण धातूने प्रभार वाहून नेला. म्हणजे धातूतही प्रभार निर्माण होतो, फक्त तो टिकत नाही. पुढे द्यु फे यांनी प्रभाराचे दोन प्रकार ओळखले व फ्रँकलिन यांनी त्यांना धन व ऋण म्हटले. मात्र चिकटण्याच्या दृष्टीने ग्रे यांचा शोध अधिक मोलाचा मानावा लागतो.

कारण सुती कापडही घासले जातेच. पण सामान्य दमट हवेत कापूस वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरतो आणि त्या ओलाव्यातून प्रभार निसटतो, तर 1941 मध्ये ब्रिटनमध्ये शोधलेले पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के धरते. साठलेला प्रभार समोरच्या प्रभारहीन वस्तूतही धन व ऋण किंचित अलग करतो, ज्याला ध्रुवण म्हणतात, आणि विरुद्ध प्रभार जवळ आल्यामुळे वस्तू चिकटते.

स्पर्शाच्या वेळी नेमके काय स्थलांतरित होते, इलेक्ट्रॉन, आयन की पदार्थाचेच सूक्ष्म कण, यावर आजही शास्त्रज्ञांचे एकमत नाही. कापडधंद्याने मात्र त्या उत्तराची वाट न पाहता प्रभाराला वाट करून दिली: विणकामाच्या जागी हवा दमट ठेवली जाते, आणि सूत तयार होतानाच त्यावर प्रभार वाहून नेणाऱ्या तेलाचा पातळ थर दिला जातो. रंगाईपूर्वीच्या धुलाईत हे तेल निघून जाते, त्यामुळे मागावर शांत राहिलेला धागा साडी झाल्यावर कोरड्या हवेत पुन्हा अंगाला चिकटू लागतो.