प्रश्न शिकवणारा गुरू

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांवर ‘पिशवी काढली’ हे शब्द फार सहजपणे कानी पडतात. 2019 साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दारिद्र्य, मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, कर्करोगाची भीती अशी अनेक कारणे पुढे आली. मला मात्र आणखी एक प्रश्न अस्वस्थ करतो. प्रत्येक टेबलापाशी एक सुशिक्षित शल्यविशारद उभा होता. शस्त्रक्रिया कशी करावी हे त्याला शिकवले गेले होते; ती करावी की नाही, हे कसे शोधावे, ते कोणी शिकवले होते काय?

यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु आवश्यक कोणती व अनावश्यक कोणती, हे निवडायचे कसे? त्यासाठी नोंदी हव्यात, तुलना हवी, रुग्णाचे पुढे काय झाले याची चौकशी हवी. संशोधन म्हणतात ते याहून वेगळे नाही.

आपल्याकडे गुरूचा हात शिष्याच्या हातात उतरतो, याचे मोठे कौतुक असते. पण केवळ हात उतरला तर चूकही उतरते. अमेरिकेतील विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाच्या कर्करोगावर छातीचे स्नायूही काढून टाकणारी शस्त्रक्रिया रूढ केली. शिष्यांनी व त्यांच्या शिष्यांनी ती अनेक दशके निष्ठेने चालवली. बर्नार्ड फिशर या शल्यविशारदाने 1971 पासून तिची लहान शस्त्रक्रियेशी रीतसर तुलना करून पाहिली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 25 वर्षांच्या निष्कर्षांनुसार आयुष्याच्या दृष्टीने दोहोंत अर्थपूर्ण फरक नव्हता. निष्ठा प्रामाणिक होती. तिने किंमत मात्र स्त्रियांच्या शरीरातून वसूल केली.

आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्वामीजी त्याच गावी शिक्षक होते, हे येथे आठवावेसे वाटते. शल्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला, तो कोठेही शिकत असो, एक प्रबंध लिहावा लागतो. मार्गदर्शकाने तो सही करून वाटेला लावला, तर विद्यार्थी एवढेच शिकतो की सत्य ही कागदावर उरकण्याची बाब आहे. तोच मार्गदर्शक विद्यार्थ्याशेजारी बसला, तर म्हणेल, “या बायका दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात, उन्हाळ्यात परततात. तेव्हा त्यांच्या गावी जा. त्यांची कंबर दुखते का, काम झेपते का, हे विचार. मी केलेल्या शस्त्रक्रियांचीही नोंद घे, आणि माझे चुकले असेल तर तेही लिही.”

हे शेवटचे वाक्य उच्चारणे सर्वांत कठीण. त्याला विद्वत्तेपेक्षा नम्रता अधिक लागते. शिष्याच्या लेखावर आपले नाव अग्रभागी घालणे सोपे. शिष्याने आपल्याला तपासावे म्हणून मोकळीक देणे ही खरी गुरुदक्षिणा, आणि ती येथे गुरूनेच द्यायची असते.

कोणी म्हणेल, दारात रुग्णांची रांग असताना ही चैन कशाला? आक्षेप खोटा नाही. एका तरुणाला दिलेला तास त्या दिवशीच्या रुग्णांच्या वाट्यातून जातो. पण तो तरुण पुढे तीस वर्षे चाकू धरणार आहे. त्या तासाचा हिशेब त्याच्या हाताखालून जाणाऱ्या सगळ्या माणसांशी मांडावा लागतो.

2019 नंतर बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. ते योग्यच झाले. मात्र नियम हात अडवू शकतो, मनात प्रश्न रुजवू शकत नाही. तो ज्येष्ठाने कनिष्ठाच्या मनात वेळीच रुजवावा लागतो. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी डॉक्टर होऊन परतली, की आपण विचारतो, “किती ऑपरेशने केलीस?” कधी असेही विचारून पाहावे, “किती टाळलीस, आणि ते तुला कोणी शिकवले?”