'बुरशीसारखा' म्हणजे बुरशी नव्हे

अमेरिकेच्या दक्षिणेत, लुइझियाना-टेक्सासच्या पाणथळ भागात, बदकांच्या शिकारीला नेलेला तरणाताठा लॅब्रॅडॉर कालांतराने अन्न टाकतो, ओकतो, हाडांचा सापळा होतो. पोट चाचपलं की गोळा हाताला लागतो. पहिली शंका अर्थातच कर्करोगाची. पोट उघडल्यावर जठराची किंवा आतड्याची भिंत टणक, जाड झालेली दिसते. आतली वाट चिंचोळी, शेजारच्या लसिकाग्रंथी सुजून एकमेकींना चिकटलेल्या. हा पिथिओसिस, पिथियम नावाच्या जंतूचा रोग.

मला थबकवतं ते हे, की त्या जाडीत शत्रूचा वाटा फार थोडा असतो. पिथियमचे तंतू विरळ असतात. त्यांच्याभोवती इओसिनोफिल, मॅक्रोफेज, महापेशी या शरीराच्याच संरक्षक पेशींचा गराडा पडतो, मध्ये मेलेली ऊती आणि बाहेरून तंतुमय ऊतीचा थर. चोर दोन आणि पहारेकरी दोनशे; शेवटी घरच्यांनाच दारातून जाता येईना!

त्यात हा चोर लपतोही छान. तपासणीसाठी दुर्बिणीतून घेतलेला तुकडा आतड्याच्या अगदी आतल्या अस्तराचा असतो आणि खरी कुरतड चालते त्याखालच्या थरांत, स्नायूत. योग्य तुकडा मिळाला तरी नेहमीच्या रंगात तंतू धड रंगत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली रिकाम्या फटी तेवढ्या दिसतात. चांदीच्या क्षारांनी रंगवलं की त्याच फटी काळ्याभोर होतात.

तंतू दिसले की 'बुरशी' म्हणायचा मोह होतो आणि इथेच औषध चुकतं. बुरशीवरची बहुतेक औषधं तिच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलवर नेम धरतात. पिथियमकडे ते जवळपास नसतंच. त्याचं गोत्र तपकिरी शेवाळ आणि डायटमचं; त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात पोहतात. आपल्याकडे आल्याची कंदकूज याच पिथियमच्या भाऊबंदांमुळे होते, आणि नाशिकचा द्राक्षबागायतदार ज्या 'डाऊनी' रोगाला धास्तावतो त्याचा जंतूही याच कुळातला. शेतकऱ्याच्या फवारणीच्या यादीतलं मेफेनोक्झाम कुत्र्यांवर वापरून पाहिलं गेलं, ते याच नात्यामुळे.

नावाची गंमत अशी, की 1884 च्या सुमारास हिंदुस्थानातल्या इंग्रज पशुवैद्यांनी घोड्यांच्या अशाच न भरणाऱ्या जखमांची नोंद केली, ती 'बरसाती' या देशी नावाने. जंतू कोणता, याबद्दल ते नाव काहीच दावा करत नव्हतं; पावसाळ्यात होतो, एवढंच सांगत होतं. पिथियमला लावल्या जाणाऱ्या 'बुरशीसारखा' या शब्दापेक्षा मला ते अधिक प्रामाणिक वाटतं. 1987 मध्ये जंतूला पिथियम इन्सिडिओसम हे नाव मिळालं. लॅटिनमध्ये 'इन्सिडिओसम'चा अर्थ कपटी, दबा धरून बसणारा.

आजही सर्वांत भरवशाचा उपाय सुरीचाच: रोगट भाग, त्याच्या दोन्ही बाजूंच्या निरोगी आतड्यासकट, कापून काढणे. निदान होईपर्यंत बऱ्याच कुत्र्यांत तेवढं निरोगी आतडं उरलेलं नसतं.