चूक आणि दोष

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी काही जण पावती हाती पडल्यावरही कार्यालयाच्या खिडकीपाशी घुटमळतात. मग हळूच विचारतात, “अभिषेक चालू असताना समई विझली, दोष लागेल का?” कोणी संकल्पात गोत्र चुकीचे सांगितलेले असते, तर कोणाचा नवस प्रापंचिक अडचणींमुळे लांबलेला असतो. विचारताना त्यांचा चेहरा अपराध्यासारखा झालेला असतो. अशा वेळी मला महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा आठवते.

मांडव्य आश्रमाच्या दारी वृक्षाखाली हात उंचावून मौनव्रताने तप करीत होते. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडविला व तेही तेथेच लपले. माग काढीत आलेल्या राजसेवकांनी ऋषींना विचारले; व्रतामुळे उत्तर मिळाले नाही. माल सापडला, चोर सापडले, आणि चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढविण्यात आले. तपोबलाने त्यांचे प्राण टिकले. राजाला सत्य कळले तेव्हा तो धावत आला व अज्ञानाने घडलेल्या अपराधाची त्याने क्षमा मागितली. सूळ उपटून निघेना, म्हणून तो कापावा लागला. त्याचे टोक देहातच राहिले. तेव्हापासून ते अणीमांडव्य झाले.

येथे भाविकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याच्या आज्ञेने हे घडले, त्या राजाला ऋषींनी क्षमा केली. त्यांचा कोप झाला तो प्रत्यक्ष यमधर्मावर. “कोणत्या पापाचे हे फळ?” असे त्यांनी यमसभेत जाऊन विचारले. धर्म म्हणाला, “बालपणी तुम्ही किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती.” अजाण पोराच्या खेळाला एवढा दंड! ऋषींनी धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या वयात घडलेल्या कृत्याचे पातक लागणार नाही, अशी मर्यादा घालून दिली. दासीच्या पोटी जन्मलेले महात्मा विदुर ते हेच. किड्याला वेदना झाल्या, हे ऋषींनी नाकारले नाही. त्यांची तक्रार होती ती मोजमापाबद्दल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही सात वर्षांखालील बालकाचे कृत्य अपराध मानलेले नाही.

परंतु “मला ठाऊक नव्हते” एवढे म्हटल्याने प्रत्येकाची सुटका होते, असे मात्र नाही. रामायणातील राजा दशरथ अजाण बालक नव्हता. शब्दवेधाचे कौशल्य अंगी असल्यामुळे रात्रीच्या अंधारात, शरयूच्या काठी, घडा भरल्याचा आवाज हत्तीचा समजून त्याने बाण सोडला. मारण्याचा हेतू नव्हता. पण न पाहता बाण सोडण्याचा निर्णय त्याचाच होता. मुलाच्या अंध पित्याने पुत्रशोकाचा शाप दिला खरा, तरी दोन गोष्टी त्याच्या पदरी घातल्या: कृत्य अजाणता घडले म्हणूनच तू जिवंत आहेस, आणि स्वतः येऊन सांगितलेस म्हणूनच तुझ्या मस्तकाची शकले झाली नाहीत. एवढ्या दुःखातही त्या वृद्धाने हा विवेक सोडला नाही. मनुस्मृतीतही अजाणता घडलेले पाप व बुद्धिपुरस्सर केलेले पाप यांची शुद्धी वेगवेगळी सांगितली आहे.

शब्दवेधाची गोष्ट मला अधिक बोचते, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका देणगीदारांनी वडिलांच्या स्मरणार्थ अन्नदानासाठी रक्कम पाठविली. छापील पावतीवर वडिलांच्या नावाऐवजी त्यांच्या हयात मातोश्रींच्या नावामागे ‘कै.’ पडले. त्यांचा दूरध्वनी आला. मी कागद न पाहताच आमच्या लेखनिकास चार माणसांदेखत नको ते बोललो. ते मान खाली घालून उभे राहिले. सायंकाळी फाईल काढली, तर मूळ टिपण माझ्याच अक्षरात होते. नावे ऐकताना मीच उलटसुलट लिहून घेतली होती. ऐकण्यातली ती चूक कोणाच्याही हातून घडली असती, आणि देणगीदारांनीही ती उदारपणे पोटात घातली. कागद न उघडता बोललो, त्याला मात्र चूक हा शब्द अपुरा आहे. शिवाय लेखनिकांजवळ हे कबूल करण्यास मला तीन दिवस लागले, आणि तेही एकांतात.

समई विझल्याचे विचारणाऱ्यांना आता मी एवढेच सांगतो की, वारा आला, ज्योत गेली, ती पुन्हा लावली. पूजेच्या शेवटी न्यूनाधिक्याबद्दल क्षमाप्रार्थना असते. पूर्वजांनी ती दररोजच्या पूजेत घातली आहे, क्वचित घडणाऱ्या प्रमादापुरती राखून ठेवलेली नाही.

लेखनिकांनी त्या वेळी माझ्याकडून एकच मागून घेतले: “साहेब, पावती छापण्यापूर्वी नावे देणगीदारांना मोठ्याने वाचून दाखवू या.” तेव्हापासून तशी पद्धत आहे. खिडकीवर गर्दी असली तरी भाविकांनी नावे वाचून होईपर्यंत कृपया थांबावे.