हवेची भरती

समुद्राची भरती कधी लागणार, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. पण आपल्या डोक्यावरच्या हवेलाही दिवसातून दोनदा भरती येते, हे आपल्या गावीही नसते. उष्ण कटिबंधात वायुदाब सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. फरक अवघा दोन-तीन हेक्टोपास्कलचा. पण तो इतका वक्तशीर, की दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टला वायुदाबमापकावरून वेळ सांगता येईल असे वाटले.

समुद्रावर सत्ता चंद्राची, कारण भरती आणणारे त्याचे बळ सूर्याच्या दुपटीहून अधिक. मग हवेतही चंद्रच दिसायला हवा. गणितज्ञ लाप्लासने पॅरिसच्या नोंदींत त्याचा माग काढू पाहिला, पण खात्रीचे काही हाती लागले नाही. पुढे बटावियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, नोंदींत तो सापडला. तोही हेक्टोपास्कलच्या दहाव्या हिश्श्याहून लहान. हवेची भरती ओढीची नव्हे, उन्हाची आहे.

पण ऊन दिवसातून एकदाच तापते, मग भरती दोनदा का? 1882 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ केल्विनने सुचवले, की वातावरणाची स्वतःची लयच बारा तासांच्या जवळपास असेल. झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेला हलका रेटाही त्याला उंच नेतो, तसे. कल्पना सुंदर होती आणि अनेक दशके टिकली. वरच्या थरांची तापमाने मोजली गेली, तेव्हा ती कोसळली. तरीही केल्विनचे ऋण मोठे आहे, असे मी मानतो. नेमके कोडे कुठे आहे, हे त्याने दाखवले.

उत्तर 1960च्या दशकात जुळले. ऊन दिवसा असते, रात्री अजिबात नसते. अशा तुटक तापण्यात बारा तासांचे आवर्तन आपोआप दडलेले असते. हे ऊन वर ओझोन शोषतो, खाली बाष्प. बारा तासांची लाट उभ्या दिशेने खूप लांब, त्यामुळे सगळ्या थरांचे रेटे एकमेकांत मिळतात. चोवीस तासांची लाट आखूड. तिचे वरचे रेटे परस्परांनाच खोडतात.

उत्तर युरोपात वादळांच्या धांदलीत ही लय नजरेला पडत नाही. सरासरी काढली तरच उमटते. आपल्याकडे ती रोजच्या आलेखात उघड दिसते, म्हणून तिचा हिशेब ठेवावाच लागतो. दुपारचा उतार म्हणजे येऊ घातलेले वादळ नव्हे. त्यामुळे हवामानशास्त्रज्ञ आजच्या दाबाची तुलना कालच्या त्याच तासाच्या दाबाशी करतात.