गवताचा माळ आणि माळढोक

माळढोक ओळखणं तसं अवघड नाही. मीटरभर उंची, लांब पांढुरकी मान, डोक्यावर काळी टोपी आणि वाळल्या गवतात विरून जाणारी तपकिरी पाठ. नराच्या छातीवर काळा पट्टा असतो. मादीचा पट्टा तुटक किंवा नसतोच, आणि ती बरीच लहानही. नर १५ किलोपर्यंत भरतो. लांबून मान तेवढी दिसते, बाकी सगळा माळच.

म्हणूनच ओळखीची सुरुवात जमिनीपासून करावी, असं मला वाटतं. कुसळी, पवन्यासारखी गवतं, मधे मुरमाड मोकळे पट्टे, एखादं बोरीचं झुडूप, आणि दूरवर नजर कुठेच अडत नाही अशी जागा. ही न अडणारी नजर हाच या पक्ष्याचा आसरा. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. लांडगा-कोल्हा लांबूनच दिसायला हवा. अशा माळावर आपण सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावलं. झाड लावणं म्हणजे पुण्य, हे मनात इतकं पक्कं बसलंय की गवत आपल्याला उजाड वाटतं. सरकारी दप्तरीही असे माळ पडीकच.

सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं आली, शेतं आली. पुढे ते साधारण १,२२२ वर आणलं गेलं. पण खरा बदल पिकांचा. ज्वारी-हरभऱ्याच्या रानात माळढोक नाकतोडे टिपत हिंडतो. पाणी आलं, ऊस उभा राहिला, आणि उसात त्याला शिरताही येत नाही. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते.

देशात उरलेत दीडशेच्या आतबाहेर, बहुतेक जैसलमेरकडे. तिथे विजेच्या तारांवर आदळण्याचा धोका. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने समोरचं नीट दिसत नाही, आणि जड अंगाला ऐनवेळी वळता येत नाही. सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत पिल्लं वाढवली जाताहेत. ते काम मोलाचं आहे, पण ती मोकळी सोडायला माळ लागेल.

नान्नजच्या राखलेल्या कुरणांत काळवीट आणि लांडगे अजून आहेत, म्हणजे ती जमीन जिवंत आहे. तिथली लावलेली झाडं काढावीत, गवत पुन्हा वाढू द्यावं आणि आसपासच्या ज्वारीवाल्या शेतकऱ्याला ज्वारीच परवडेल असा भाव मिळावा.